मंदावलेल्या यंत्राचा गुन्हेगार कोण? पीसी गेमिंगच्या चार दशकांचा धागा

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील अनेक संगणकांच्या कॅबिनेटवर 'टर्बो' नावाचे एक बटण असे. नाव ऐकून ते वेग वाढवीत असावे असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात त्याचे प्रयोजन संगणक मंद करणे हे होते. आयबीएमचा पहिला पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी बाजारात आला. त्यातील इंटेल ८०८८ हा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झने चाले आणि त्या काळच्या अनेक गेमकर्त्यांनी हाच वेग कायमचा मानून आपल्या खेळांचे कालमापन बसवले. पुढे वेगवान यंत्रे आली तेव्हा तेच खेळ असे सुसाट धावू लागले की खेळाडूचे बोट कळीपर्यंत पोहोचण्यापूर्वी डाव आटोपलेला असे. म्हणून जुन्या वेगाकडे परतण्याची ही सोय करावी लागली.

इतिहासाच्या धाग्यात गेमिंगचे काय काम, असे विचारणाऱ्यांसाठी हा प्रसंग आधी सांगितला. 'जुना संगणक' ही संज्ञा वयावर ठरत नाही. त्या यंत्राकडून काय अपेक्षिले जाते त्यावर ठरते. आणि सध्या या प्रश्नाला तातडीचे रूप आले आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य संपले, तर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर नाहीत. घरोघरचे सुस्थितीतील डेस्कटॉप 'आता हे गेमिंगला चालायचे नाही' या एका वाक्यावर भंगारात निघण्याची वेळ आली आहे. निकाल देण्यापूर्वी साक्षीपुरावा तपासावा, एवढाच आग्रह.

पहिला मोठा खटला स्मृतीचा. ८०८८ ला पत्त्यांसाठी २० वाहिन्या होत्या, म्हणजे तो फार तर १ मेगाबाइट स्मृती ओळखू शके. त्यातील वरचा ३८४ किलोबाइटांचा भाग आयबीएमने पडदा आणि यंत्राच्या अंतर्गत कामांसाठी राखून ठेवला. प्रोग्रामांच्या वाट्याला ६४० किलोबाइट आले. १९९२ मध्ये एखाद्याच्या संगणकात ४ मेगाबाइट रॅम असली तरी डॉसवरील गेम 'स्मृती अपुरी' म्हणून सुरू होण्याचे नाकारी, कारण त्याला त्या ६४० मध्येच जागा हवी असे आणि तिथे डॉस स्वतः, माउस, साउंड कार्ड, सीडी ड्राइव्ह हे सगळे आधीच ऐसपैस बसलेले असत. जादा रॅम विकत घेऊन हा पेच सुटत नसे. सुटत असे तो 'कॉन्फिग.सिस' आणि 'ऑटोएक्झेक.बॅट' या दोन फाइलींतील ओळी फिरवून. १९९१ च्या एमएस-डॉस ५ ने हे ड्रायव्हर वरच्या मोकळ्या फटींत हलवण्याची सोय दिली, १९९३ च्या सहाव्या आवृत्तीने 'मेममेकर' नावाचा मदतनीस दिला. तरीही १९९२ चा 'अल्टिमा ७' सारखा खेळ स्वतःचा निराळाच स्मृतिव्यवस्थापक घेऊन येई आणि डॉसच्या व्यवस्थापकाशी त्याचे मुळीच जमत नसे. अशा खेळांसाठी वेगळी बूट फ्लॉपी बाळगावी लागे. एका अख्ख्या पिढीने संगणकाची अंतर्रचना शिकली ती अशी, खेळायला मिळावे या हव्यासापोटी. पाठ्यपुस्तकांना हे श्रेय देण्याची मला घाई नाही.

१० डिसेंबर १९९३ रोजी 'डूम' आला. त्याने डॉसवर एक मध्यस्थ प्रोग्राम वापरून ६४० ची भिंत ओलांडली. पण ३८६ प्रोसेसरवर तो अडखळे. त्यावर आयडी सॉफ्टवेअरने दिलेला तोडगा फार मनोज्ञ आहे. वजाबाकीची कळ दाबली की खेळाची चौकट आक्रसे आणि भोवती कडा येई. पडद्याचा जितका भाग कमी रंगवायचा, तितकी गती अधिक. एफ५ दाबले की तपशील जाडाभरडा होई. आजच्या गेममधील 'ग्राफिक्स सेटिंग्ज'चे लांबलचक पान याच दोन कळींचे वंशज म्हणता येईल.

या कळीत एक निदानसूत्रही दडले आहे, मात्र ते १९९३ मध्ये वापरता आले नसते. तेव्हा खेळाचे नियम चालवणे आणि चित्र रंगवणे ही दोन्ही कामे एकच प्रोसेसर करी. चौकट लहान केली की त्याचा भार हलका होई, एवढेच. आज ही कामे दोन निरनिराळ्या चिपांत विभागलेली आहेत. म्हणून आता हीच कृती साक्ष देते. गेमचे रेझोल्यूशन एकदम उतरवा. फ्रेम झपाट्याने वाढल्या तर अडसर ग्राफिक्स कार्डाचा होता. फ्रेम जागच्या जागी राहिल्या तर कार्ड रिकामे बसून प्रोसेसरची वाट पाहत आहे, आणि अशा वेळी नव्या कार्डावर केलेला खर्च जवळजवळ वाया जाईल. माझ्या मते दुकानाची पायरी चढण्यापूर्वी ही एक चाचणी प्रत्येकाने करावी.

प्रोसेसरची नोंदलेली गती आणि त्याची खरी योग्यता यांतील अंतर २२ जून १९९६ रोजी आलेल्या 'क्वेक'ने चव्हाट्यावर आणले. त्रिमितीय भिंतीवर चित्र योग्य कोनात बसवायचे तर बिंदूगणिक एक भागाकार करावा लागतो आणि भागाकार हे महागडे गणित. जॉन कारमॅक आणि मायकेल अब्रॅश यांनी युक्ती केली: दर १६ बिंदूंमागे एकदाच भागाकार करायचा, मधले बिंदू अंदाजाने भरायचे. पेंटियमचा दशांश-गणित विभाग हा भागाकार करीत असतानाच दुसरा विभाग बिंदू रंगवीत राही, त्यामुळे भागाकाराचा वेळ जवळजवळ फुकटात पडे. आता याच काळातील सायरिक्स ६x८६ पाहा. त्याच्या 'पी१६६+' या नावातून तो १६६ मेगाहर्ट्झच्या पेंटियमच्या तोडीचा असल्याचे सुचवले जाई. वास्तविक घड्याळ १३३ चे. कार्यालयीन कामांत हा दावा टिकेही. पण त्याचा दशांश-गणित विभाग दुबळा होता, आणि 'क्वेक'मध्ये तो पेंटियमच्या स्पष्टपणे मागे पडला. चिप नवी होती, सदोष नव्हती. खेळाने तिचा नेमका दुबळा अवयव मागितला.

ही तुलना इतक्या ठामपणे करता आली ती 'टाइमडेमो' या आज्ञेमुळे. आधी मुद्रित केलेला खेळ शक्य तितक्या वेगाने पुन्हा चालवायचा आणि सरासरी फ्रेम मोजायच्या. वादाची जागा मोजमापाने घेतली. मात्र सरासरी हेही लबाड साधन आहे. समजा एका सेकंदात ५० फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांत उमटल्या आणि एका फ्रेमला ५०० मिलिसेकंद लागले. नोंद होईल 'सेकंदाला ५१ फ्रेम', आणि खेळाडूने मात्र अर्धा सेकंद गोठलेला पडदा पाहिलेला असेल. २०११ मध्ये 'टेक रिपोर्ट'च्या स्कॉट वॅसन यांनी सेकंदाच्या पोटात शिरून एकेका फ्रेमचा काळ मोजण्याचा आग्रह धरला आणि समीक्षणाची पद्धतच पालटली. 'एफपीएस चांगले दिसतात, तरी झटके बसतात' ही तक्रार त्यानंतर कोणी भ्रम म्हणून उडवून लावली नाही.

झटक्यांचा ठराविक आरोपी म्हणजे हार्ड डिस्क. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीला एका फेरीस ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग मुखाखाली येण्यासाठी सरासरी त्याच्या निम्मा वेळ, शिवाय मुख सरकण्याचा वेळ वेगळा. ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला मिळतात अवघे १६.७ मिलिसेकंद. खेळाडू नव्या भागात शिरतो आणि शेकडो लहान फाइली मागवल्या जातात, तेव्हा हे गणित कोसळते. 'सायबरपंक २०७७' २०२० मध्ये आला तेव्हा हार्ड डिस्क त्याच्या किमान अपेक्षांत बसत होती. २०२३ मध्ये तिला वगळून एसएसडी आवश्यक ठरवली गेली.

उष्णतेचा पुरावा सर्वांत नाट्यमय. २००१ मध्ये 'टॉम्स हार्डवेअर'ने 'क्वेक ३' चालू असताना प्रोसेसरवरील हीटसिंक चक्क उचलून काढले आणि त्याचे चित्रण केले. एएमडीचा अ‍ॅथलॉन जळाला. पेंटियम ४ ने मात्र स्वतःची गती उतरवली. खेळ रखडत चालू राहिला आणि हीटसिंक परत ठेवताच पूर्ववत धावू लागला. आजचे सर्व प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डे हेच करतात: तापली की न सांगता मंदावतात. म्हणून एखादा गेम पहिली १०-१५ मिनिटे सुरळीत चालून मग ढेपाळत असेल, तर संशय आधी धूळ खाल्लेल्या पंख्यांवर आणि सुकलेल्या थर्मल पेस्टवर घ्यावा. ब्लोअर आणि पेस्टची छोटी ट्यूब यांचा खर्च किरकोळ आहे.

आपल्याकडील खटल्यांत आणखी एक आरोपी हमखास आढळतो, आणि त्याला कारण आपला बाजार आहे. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि संगणकीय वस्तूंवरील आयातशुल्क २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने शून्यावर आणण्याचे ठरले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, सुटे भाग आणून जुळवलेला 'असेंबल्ड' संगणक हा मध्यमवर्गाचा संगणक झाला. या रीतीत अंदाजपत्रक ताणले की कात्री लागते ती न दिसणाऱ्या भागांना: एसएमपीएसला, आणि रॅमला. दोन सारख्या पट्ट्या लावल्या तर स्मृतीचे दोन मार्ग एकाच वेळी वापरले जातात. एकच पट्टी लावली तर एक मार्ग ओसाड राहतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रात चित्रासाठीही हीच रॅम वापरली जात असल्याने हा फरक तिथे फारच जाणवतो.

आणि केबल. १९९६ च्या 'व्हूडू' कार्डाला द्विमितीय चित्र काढताच येत नसे. जुन्या कार्डातून एक केबल व्हूडूत आणि व्हूडूतून दुसरी मॉनिटरला, असा फेरा घालावा लागे. तो फेरा इतिहासजमा झाला, पण मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या छिद्रात खोचलेली आजही आढळते. तेवढ्याने महागडे कार्ड कॅबिनेटमध्ये निवांत पडून राहते.

इतके सगळे तपासूनही गेम रखडला, तर यंत्र खरोखर म्हातारे झाले का? ऑक्टोबर २०२३ मध्ये 'अ‍ॅलन वेक २' आला, तो 'मेश शेडर' नावाच्या नव्या तंत्रावर उभा होता. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १० मालिकेतील कार्डांत ही सोयच नाही; एकेकाळची अव्वल १०८० टीआयही त्यात हतबल ठरली. मार्च २०२४ मध्ये गेमकर्त्या रेमेडीने एक अद्ययावत आवृत्ती काढली, आणि त्याच कार्डांवर तोच गेम लक्षणीय वेगाने चालू लागला. कोणाच्याही कॅबिनेटचा एक स्क्रूसुद्धा हलला नव्हता.