बर्फाचे थर आणि आपलं माळवद

२८ फेब्रुवारी २०२५. बद्रीनाथजवळच्या माणा गावात रस्त्याच्या कामावरच्या मजुरांच्या छावणीवर हिमस्खलन झालं. ५४ जण अडकले, ४६ वाचले, ८ गेले. ती बातमी लावताना ऑफिसातला एक पोरगा म्हणाला, "सर, आपल्या नांदेड-लातूरच्या वाचकाला हे कशाला? आपल्याकडं बर्फ फक्त रसवंतीत." हसलो. पण त्या बातमीत मला किल्लारी दिसत होती. कशी ते सांगतो.

डोंगरावरचा बर्फ एकसंध नसतो. हिवाळाभर थरावर थर बसतात. त्यातला एखादा थर साखरेच्या दाण्यांसारखा सुटा राहतो, धरून बसत नाही. त्यावर नवा बर्फ पडला, किंवा वाऱ्यानं आणून टाकला, की वजन वाढतं. उतार ३० ते ४५ अंशांचा असला तर एका माणसाच्या पावलानंही वरची अख्खी लादी सुटते. म्हणून जाणकार नुसतं वरून बघत नाहीत. खड्डा खणतात, थर तपासतात, बर्फाचा चौकोनी खांब कापून त्यावर फावडं ठेवतात आणि थापा मारतात. कितव्या थापेला कोणता थर सरकला, ते मोजतात. एवढं करायचं कारण साधं आहे. गाडलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत निघाला तर आशा असते, पुढं ती झपाट्यानं कमी होते.

आता आपलं माळवद आठवा. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकूड, त्यावर माती. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी आणखी माती. वर वजन वाढत गेलं आणि खाली भिंतीतली माती दगडाला धरेना. बाहेरून मात्र वाडा भक्कम!

किल्लारीत १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात धक्के बसले होते. लोक घाबरले. मग धक्के थांबले, भीतीही ओसरली. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. मी तेव्हा शाळेत होतो. भांडी पडल्याचा आवाज आणि आईनं हाताला धरून अंगणात ओढलेलं, एवढंच आठवतं. हजारो माणसं गेली, त्यातली बहुतेक आपल्याच घराच्या दगडमातीखाली.

भूकंपाची तारीख तेव्हा कुणी सांगू शकत नव्हतं, आजही नाही. पण भिंत कच्ची आहे आणि डोक्यावर वजन आहे, हे तर दिसत होतं ना? बर्फाचंही तेच. नेमका क्षण सांगता येत नाही, उतार किती धोक्याचा ते सांगता येतं.

त्याच १९९३ साली युरोपातल्या देशांनी हिमस्खलनाच्या धोक्यासाठी पाच पायऱ्यांचं एकच माप ठरवलं. त्यात गंमत नाही, शिकवण आहे. तिसरी पायरी मधली वाटते, म्हणून माणूस निर्धास्त होतो. बरेच बळी तिथंच जातात.

आपल्या देशातही हे काम नवं नाही. बर्फाचा अभ्यास करणारी संस्था मनालीत १९६९ पासून होती. तरीही २०१६ च्या फेब्रुवारीत सियाचीनला १० जवान गेले, त्यात एक आपल्या साताऱ्याचा. आणि माण्याला? चमोली जिल्ह्यासाठी धोक्याचा इशारा आदल्याच दिवशी निघाला होता. इशारा होता, छावणीही तिथंच होती.

नांदेडहून दरवर्षी कितीतरी जण हेमकुंडला जातात, लातूरचे चारधामला. तिकडं जवान किंवा पोलिस "थांबा" म्हणाले तर थांबा. "एवढ्या लांबून आलोय" हे बर्फाला कळत नाही.

आणि इकडं घरी? पुनर्वसनाच्या गावांबाहेर माळवदं अजून उभी आहेत. त्यात म्हातारी माणसं झोपतात. तुमच्या गावात अशी किती घरं आहेत, खाली लिहा. यादी करू, ग्रामपंचायतीला देऊ. निदान मोजायला तरी सुरुवात करू.