पाचशे तासांचा करार

मराठवाड्यातल्या जुन्या दवाखान्यांत पडद्याआडचा माणूस म्हणजे कंपाउंडर. खलात चूर्ण घोटायचे, पुड्या बांधायच्या, ग्रेन-ड्रॅमचा हिशेब करून मिक्स्चर भरायचे आणि बाटलीवर डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी डकवायची. हे सारे तो शिके थोरल्या कंपाउंडरच्या हाताखाली. गोव्यात १८४२ पासून वैद्यकशाळेत औषधनिर्मितीचे शिक्षण होते. बनारस हिंदू विद्यापीठात १९३२ साली महादेव लाल श्रॉफ यांनी त्याला विद्यापीठाचे दार उघडून दिले. आपल्याकडे मात्र उमेदवारी हीच शाळा.

४ मार्च १९४८ रोजी फार्मसी कायदा झाला तेव्हा औरंगाबाद निजामाच्या राज्यात होते. हैदराबाद मुक्त व्हायला अजून साडेसहा महिने होते. त्यामुळे कायदा इकडे मागाहून आला. त्यातले कलम ३१ वाचण्यासारखे आहे. पहिल्या नोंदवहीत पदवी-पदविकाधारकांबरोबरच इस्पितळात किंवा दवाखान्यात किमान ५ वर्षे औषधे बनवलेल्या माणसालाही जागा होती. हाताला बसलेले कसब सरकारने विद्या म्हणून मान्य केले, पण एकदाच. पुढे येणाऱ्यांना शिक्षणक्रमाची वाट धरणे भाग होते.

१९५६ साली औरंगाबादेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याचे रुग्णालय म्हणजे लोकांच्या तोंडची ‘घाटी’. दोन वर्षांनी मराठवाडा विद्यापीठ आले आणि पुढच्या काळात फार्मसीची महाविद्यालयेही. उमेदवारी संपली असे वाटावे, तर तसे नाही. ती आक्रसून अभ्यासक्रमाच्या शेपटाला राहिली.

तिचा उत्तम पुरावा १९९१ च्या शिक्षण नियमावलीत सापडतो. डी. फार्म.च्या विद्यार्थ्याने किमान ५०० तास, निदान तीन महिन्यांत विभागून, प्रत्यक्ष काम करायचे; त्यातले किमान २५० तास चिठ्ठीवरून औषधे देण्याचेच हवेत. जागा रुग्णालयाची, परवानाधारक औषध दुकानाची किंवा औषध कारखान्याची. म्हणजे चिकलठाणा-वाळूजच्या औद्योगिक पट्ट्यात शिकायला मुभा होती, पण अर्धा वेळ तरी रुग्णासमोर उभे राहणे चुकत नव्हते. एका नोंदणीकृत फार्मासिस्टमागे दोनच विद्यार्थी, आणि पुढच्या प्रत्येक फार्मासिस्टमागे एक. या आकड्यांतून जुने गुरू-उमेदवार नातेच डोकावते. नियमावलीला जोडलेला कराराचा नमुनाही शिकवणाऱ्याला ‘अप्रेंटिस मास्टर’च म्हणतो!

करारात हा मास्टर लिहून देतो की, विद्यार्थ्याला कायद्याने लागणाऱ्या नोंदी ठेवणे, उपकरणे हाताळणे, औषधांची साठवण आणि चिठ्ठीचे ‘वाचन, भाषांतर व नक्कल’ डोसाच्या तपासणीसह शिकवीन. शेवटी संस्थेचा प्रमुख तास भरल्याचे प्रमाणपत्र देतो. हा नमुना मला कंपाउंडरच्या काळात अडकलेला वाटतो. तयार पट्टीतल्या गोळ्यांच्या जमान्यात खल कपाटात गेला, नक्कल करण्यासारखी चिठ्ठी क्वचितच उरली. तास भरता येतात, सही मिळते. पण मुलगा नेमके काय शिकला, हे त्या कागदावरून कळत नाही. दुकानात तीन महिने नुसते खोके उतरवले तरी ५०० चा आकडा ५०० च भरतो.

एक शब्द मात्र अजून जिवंत आहे : भाषांतर. नमुना लिहिणाऱ्यांच्या मनात लॅटिन होते. ‘टी. डी. एस.’ म्हणजे दिवसातून तीनदा, ‘एच. एस.’ म्हणजे झोपताना. आज हे भाषांतर खिडकीच्या दुसऱ्या बाजूला होते. पैठण-कन्नडकडून आलेल्या आजीला ‘ही जेवणाआधी, ही रात्री, आणि बरे वाटले तरी कोर्स पुरा करायचा’ हे तिच्या बोलीत सांगायचे. शेजारी उभ्या चाचांना तेच दखनीत. आजी मान डोलावते, पण तिला कळले का, हे तिच्याकडूनच वदवून घ्यावे लागते. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय नियमावलीने रुग्णाशी असे बोलणे फार्मासिस्टचे कर्तव्य ठरवले. मिक्स्चर ढवळण्याइतकेच हे हाताखाली शिकायचे काम आहे, आणि मास्टरला स्वतःला येत असेल तरच.

२०२० च्या नव्या नियमावलीतही ५०० तास टिकले आहेत. २०२२ च्या नियमांनी मात्र डी. फार्म.नंतर नोंदणीआधी एक्झिट परीक्षा आणली. तिच्या तीन प्रश्नपत्रिका आहेत, सगळ्या बहुपर्यायी आणि इंग्रजीत. आजीशी बोलायचा पेपर त्यात नाही.