रत्नागिरी-नागपूर महामार्ग : लातूर-नांदेडचा सह्याद्रीशी दुवा

कोकण किनारपट्टीला सह्याद्री ओलांडून मराठवाडा व विदर्भाशी जोडणारा रस्ता रत्नागिरी-नागपूर महामार्ग या नावाने ओळखला जातो. नऊशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या या मार्गाचा पूर्वीचा क्रमांक २०४ होता. राष्ट्रीय महामार्गांच्या फेरक्रमांकनानंतर रत्नागिरी ते सोलापूर टप्प्यास १६६, सोलापूर-तुळजापूर टप्प्यास ५२ आणि तुळजापूर ते बुटीबोरी टप्प्यास ३६१ हे क्रमांक मिळाले.

रत्नागिरीहून साखरप्यामार्गे निघालेला रस्ता आंबा घाटाने सह्याद्री चढतो. मलकापूर, कोल्हापूर, सांगली, मिरज, सांगोला, मंगळवेढा व सोलापूर ही पुढील प्रमुख ठिकाणे होत. तुळजापूरनंतर औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर असा बालाघाटच्या पठारावरून जाणारा मार्ग लोह्यामार्गे गोदाकाठच्या नांदेडला उतरतो. खंडोबाच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेले माळेगाव याच टप्प्यावर आहे. अर्धापूर, वारंगा फाटा, हदगावनंतर पैनगंगा ओलांडली की विदर्भ सुरू होतो. उमरखेड, यवतमाळ, वर्धा या मार्गाने रस्ता बुटीबोरीस पोहोचतो. नांदेडला माळशेज घाटातून येणारा कल्याण-निर्मल महामार्ग (क्रमांक ६१) त्यास मिळतो.

लातूर व नांदेड यांच्यात थेट रेल्वेमार्ग नाही. रेल्वेने जाणाऱ्यास लातूर रोड, परळी, परभणी, पूर्णा असा वळसा पडतो. त्यामुळे 'लातूर पॅटर्न'च्या शिकवणीस जाणारे विद्यार्थी, रुग्ण, सोयाबीन व तुरीची वाहतूक या साऱ्यांची भिस्त या रस्त्यावरच आहे.

तुळजापूर-बुटीबोरी टप्प्याचे चौपदरीकरण निरनिराळ्या भागांत विभागून करण्यात आले. घाटाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबा घाटात दरडी कोसळून वाहतूक विस्कळीत झाली होती. घाट बंद पडला की अवजड वाहनांना दूरच्या घाटरस्त्यांचा आधार घ्यावा लागतो.

पवनार ते पत्रादेवी या नियोजित शक्तिपीठ महामार्गास राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. त्यास विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांच्या युक्तिवादात रत्नागिरी-नागपूर महामार्गाचा उल्लेख वारंवार येतो. जवळपास समांतर रस्ता असताना सुपीक जमीन पुन्हा कशासाठी द्यायची, हा त्यांचा प्रश्न आहे. नवा मार्ग तीर्थक्षेत्रांना जोडून मागास भागाच्या विकासास गती देईल, ही शासनाची भूमिका आहे.