उपऱ्यांची घरे : कालव्यापासून घरकुलापर्यंत

संघाच्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीच्या पूर्वेतिहासाविषयी चार शब्द असावेत, असा प्रघात आहे. यंदा तो पाळताना आम्ही थोडी वेगळी वाट धरली आहे. राहाता परिसरात अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरकुलांची वसाहत उभारण्याची गोष्ट निघाली की शेजारच्या वस्त्यांतून काही प्रश्न हटकून ऐकू येतात. पाणी पुरेल काय, सांडपाणी कोणीकडे जाईल, आमच्या जागांचे मोल उतरेल काय, आणि मग आवाज किंचित खाली आणून, “राहावयास येणार तरी कोण?” पहिल्या दोन प्रश्नांची रास्तता आम्हांस मान्य आहे. शेवटच्या प्रश्नाने मात्र आम्हांस मागे वळून पाहावयास लावले.

हा मुलूख मूळचा कोरडवाहू व दुष्काळी. १९१६ च्या सुमारास दारणा धरणाचे बांधकाम पुरे झाले, नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून गोदावरीचे दोन कालवे निघाले, आणि उजव्या कालव्याचे पाणी राहाता भागास मिळू लागले. पाणी आले तरी उसाचे तंत्र येथील शेतकऱ्यास परके होते. ते जाणणारी माणसे बाहेरून आली. सासवडकडील आपली माळी कुटुंबे नीरा कालव्यावर उसात मुरलेली होती. ती गोदावरीच्या कालव्यांवर आली, खंडाने जमिनी घेतल्या, गुऱ्हाळे चालविली आणि मळ्यातच बिऱ्हाडे मांडली. त्या वेळी त्यांच्यापाशी गावठाणात जागा नव्हती, सात-बारावर नाव नव्हते, शिवारात भाऊबंद नव्हते. पुढे याच मंडळींपैकी काहींनी सोलापूर जिल्ह्यात माळीनगर येथे स्वतःचा साखर कारखाना काढला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण खंडकऱ्याच्या छपराची आठवण तितक्या अगत्याने सांगत नाही.

हे आपल्यापुरतेच खरे आहे असे नव्हे. मुंबईत १८९६ साली प्लेग उद्भवला आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून नवे रस्ते काढण्याचे काम त्याने हाती घेतले. कानडा जिल्ह्यातून नोकरीसाठी आलेल्या चित्रापूर सारस्वतांना त्या शहरात रास्त भाड्याचे घर मिळणे दुर्घट होते. त्यांच्यातील रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी १९०६ साली शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था काढली होती. त्यांनीच १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. हिंदुस्थानातील सहकारी गृहरचनेचा आरंभ तिच्यापासून मानतात. ज्ञातीची वसाहत ही आज आपणांस प्रतिष्ठेची खूण वाटते. वस्तुतः तिचा जन्म मध्यम वेतनाच्या, घराला मोताद झालेल्या परगावच्या माणसांच्या गरजेतून झाला.

सरकारने बांधलेल्या स्वस्त घरांचा इतिहास इतका सुखद नाही. सर जॉर्ज लॉइड गव्हर्नर असताना १९२० साली विकास खाते निघाले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. पन्नास हजार गाळ्यांचा संकल्प होता. प्रत्यक्षात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास काम झाले. खोली सुमारे १६० चौरस फुटांची, शौचकूप सामाईक. वरळीच्या पुष्कळ खोल्या आरंभी कित्येक वर्षे ओस पडल्या होत्या. गिरण्या दूर, बाजार दूर, भाडे परवडत नाही, मग कामगार तेथे कशास जाईल? चाळी फसल्या त्या या कारणांनी. पुढे त्याच चाळी माणसांनी भरल्या, आणि कोकण-देशावरून आलेल्या कामकऱ्यांनी तेथे व्यायामशाळा, भजनी मंडळे व वाचनालये चालविली.

आपल्या तालुक्याकडे वळू. कालव्यामागून साखर कारखाने आले, कारखान्यांमागून कामगारांच्या चाळी, आणि दर हंगामास ऊसतोडकऱ्यांच्या कोपी. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कारखान्यांच्या विस्तीर्ण जमिनी काढून घेतल्या. १९६३ साली शेती महामंडळ झाले. तेथे राबलेल्या कुटुंबांचा राहत्या जागेच्या हक्काचा प्रश्न मात्र पिढ्यान्‌पिढ्या लोंबकळत राहिला. १९९९ साली राहाता स्वतंत्र तालुका झाला, २०१७ मध्ये काकडीचे विमानतळ सुरू झाले, २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत पोचला. शिर्डीच्या सान्निध्याने गुंठ्याचा भाव असा चढला की तेथील हॉटेलांत भांडी घासणारा, हार विकणारा वा रिक्षा हाकणारा मनुष्य जागा घेण्याचा विचारही करीत नाही. पंतप्रधान आवास योजना २०१५ मध्ये शहरांसाठी व २०१६ मध्ये खेड्यांसाठी आली. ग्रामीण घरकुलास किमान २५ चौरस मीटरचे माप ठरले, म्हणजे वरळीच्या खोलीहून बरेच मोठे. परंतु ज्याच्यापाशी जागाच नाही त्याला नुसते अनुदान काय कामाचे?

येथे एका न्यायनिर्णयाचा उल्लेख करणे उचित होईल, कारण आमचे काही सभासद त्याचा आधार घेतात. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेस, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा नियम कायद्यास धरून असल्याचा निर्वाळा दिला. त्या निकालाविषयी आमचे मत काही असो. तो संस्थेच्या कुंपणाच्या आतला आहे. पलीकडच्या जागेवर कोणी राहावे हे ठरविण्याचा अधिकार त्यातून कोणासही मिळत नाही.

अशा एखाद्या वसाहतीसंबंधी संघाच्या वतीने हरकत लिहिण्याचे काम उद्या आमच्याकडे आलेच, तर आम्ही ती अवश्य लिहू. नळाचे पाणी वसाहतीआधी यावे. गटार ओढ्यात वा कालव्याच्या चारीत सोडू नये. शाळेच्या खोल्या वाढवाव्यात. बाजारपेठेपर्यंत रस्ता पक्का असावा. जागा गावापासून इतकी दूर नसावी की मजुरीचा चौथा हिस्सा जाण्या-येण्यातच जावा. ही कलमे शेजाऱ्यांच्या हिताची आहेत तितकीच येणाऱ्यांच्याही हिताची आहेत. येणारे कोण, याविषयी एखादे कलम घालावे असा आग्रह झाल्यास ते आमच्या हातून लिहिले जाणार नाही. आणि ज्या सभासदांस आपल्या पणजोबांचे कालव्यावरील पहिले बिऱ्हाड ठाऊक आहे, त्यांनाही ते लिहिणे जड जाईल असे आम्हांस वाटते.