व्हीलचेअर, वॉकरची निगा : वृद्धाश्रमांची दुर्लक्षित जबाबदारी

वृद्धाश्रमांना व्हीलचेअर, वॉकर आणि काठ्या पुष्कळदा देणगीतून मिळतात. पुढे त्यांची निगा कोणी राखायची, हे मात्र ठरलेले नसते. वृद्धापकाळी हाडे ठिसूळ झालेली असतात. एकदा पडून खुब्याचे हाड मोडले, तर हिंडता-फिरता माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो.

काठी आणि वॉकर : टोकाचे रबर हा सर्वांत स्वस्त, पण सर्वांत महत्त्वाचा भाग. त्यावरील खाचा झिजल्या की ते ओल्या फरशीवर घसरते. असे रबर तत्काळ बदलावे. हात सैल सोडून ताठ उभे राहिल्यावर मूठ मनगटाच्या उंचीला यावी. म्हणूनच एकाची काठी दुसऱ्याला देऊ नये. प्रत्येक साधनावर नाव लिहावे. वॉकरचे चारही पाय जमिनीला सारखे टेकतात का आणि घडीची कळ पक्की बसते का, हेही पाहावे.

व्हीलचेअर : बहुतेक खुर्च्यांचा ब्रेक टायरवर दाबला जातो. त्यामुळे टायरमधील हवा कमी झाली, की ब्रेक लावूनही चाक फिरते. ब्रेक लावून रिकामी खुर्ची ढकलल्यास दोष लगेच कळतो. पुढच्या छोट्या चाकांत गुंतलेले केस व दोरे काढावेत. बैठकीचे कापड सैल पडल्यास बसणारा एका बाजूला कलतो आणि शय्याव्रणांचा धोका वाढतो. उठण्यापूर्वी ब्रेक लावून पाय ठेवण्याच्या पट्ट्या वर उचलाव्यात.

नोंदवही : तपासणीचे काम एकाच कर्मचाऱ्याकडे सोपवावे. ब्रेक, हवा आणि रबर दर आठवड्याला, तर नट-बोल्ट व गंज दर महिन्याला तपासून तारखेसह नोंद करावी. सदोष साधन 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावून बाजूला ठेवावे. पंक्चर व हवेची कामे सायकल दुरुस्तीच्या दुकानातही होतात.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत केंद्र सरकारच्या 'एलिम्को' या कंपनीने साधनांची एक वर्ष मोफत देखभाल करण्याची तरतूद आहे. त्यानंतरच्या खर्चाचा विचार संस्थेनेच करायला हवा. देणगीदारांनीही खुर्चीबरोबर दुरुस्तीसाठी थोडी रक्कम दिल्यास ती अधिक उपयोगी ठरेल.

खुर्ची एका बाजूला ओढते, हे सर्वप्रथम तीत बसणाऱ्याला जाणवते. आजी-आजोबांची अशी तक्रार कुरकुर समजून सोडून न देता त्याच दिवशी नोंदवहीत लिहावी.