कवेलूचे छप्पर, त्याची गळती आणि जंगल

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील जुन्या घराचे छप्पर जवळजवळ सगळेच्या सगळे जंगलातून येत असे. आडे सागाचे, फाटे मिळेल त्या टिकाऊ लाकडाचे, त्यावरची ताटी बांबूची. आणि वरचे कवेलू, म्हणजे कौल, गावच्या कुंभाराने घडवून सरपणावर भाजलेले. त्यामुळे या भागात छप्पर गळू लागले तर दुरुस्तीचा प्रश्न घरापुरता राहत नसे. लाकूड, बांबू आणि सरपण कोणाच्या परवानगीने मिळणार, यावर ती दुरुस्ती अवलंबून असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. त्याआधी हा सगळा मुलूख एकच चंद्रपूर (पूर्वीचा चांदा) जिल्हा होता आणि छपराची रीतही बहुतांशी एकच होती.

इथले हवामान छपराची कठोर परीक्षा घेते. वर्षाला सरासरी १२०० मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि त्याआधी मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. उन्हाने लाकूड आक्रसते, बांबूचे बंध सैल होतात, कवेलू जागचे हलतात आणि लगेच त्यावर मृगाची सर येते.

कवेलूच्या आधी, आणि दुर्गम भागात कवेलूच्या बरोबरीनेही, गवताचे छप्पर होते. गडचिरोलीतील एटापल्ली-भामरागडकडील माडिया आदिवासींच्या वस्त्यांत बांबूच्या कुडाला माती लिंपलेल्या भिंती आणि वर गवत, अशी घरे पिढ्यान्‌पिढ्या बांधली गेली. गवत जाड आणि उतार चांगला असेल तर असे छप्पर गळत नाही. पण ते कुजते, दर काही वर्षांनी नवे घालावे लागते आणि उन्हाळ्यात एका ठिणगीने सगळी वस्ती जाऊ शकते. धानाच्या पट्ट्यात तणीस भरपूर असली तरी तिच्यावर पहिला हक्क गुरांचा होता. ज्यांना परवडले ते कवेलूकडे वळले, याचे कारण गळतीपेक्षा आग हेच अधिक असावे.

देशी कवेलू करण्याची पद्धत साधी आहे, पण तिला सराईत हात लागतो. तलावाच्या पोटातली किंवा नाल्याकाठची चिकणमाती मळून चाकावर एका टोकाला निमुळती अशी पोकळ नळी उठवतात. ती ओलसर असतानाच उभी चिरून दोन भाग करतात, उन्हात वाळवून आव्यात भाजतात. नीट भाजलेला कवेलू बोटाने वाजवला की खणखणतो. कच्चा कवेलू पाणी पितो, जड होतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटू लागतात. खालची ओळ उताणी आणि तिच्या सांध्यांवर दुसरी ओळ पालथी, अशी मांडणी असते. वरचा कवेलू खालच्याच्या टोकावर पुरेसा चढलेला असला पाहिजे. चुना नाही, खिळा नाही. निव्वळ वजन आणि चढण यांवर छप्पर उभे राहते. म्हणूनच ते सहज हलते, आणि म्हणूनच सहज दुरुस्तही होते.

गळतीची कारणे गावात सर्वांना ठाऊक असत. वानरांची टोळी छपरावरून गेली की कवेलू फुटतात आणि सरकतात; उंदरामागे धावणारी मांजर तेच काम हळूहळू करते. गारपिटीने एका दुपारी पाखेच्या पाखे निकामी होते. उताण्या ओळींत झाडाचा पाला अडकला की पाणी तुंबते आणि बाजूने आत शिरते. दोन पाखी जिथे मिळतात ती पन्हळ सर्वांत नाजूक, कारण तिथे दोन्ही बाजूंचे पाणी येते. उतार कमी ठेवलेले घर तर कवेलू धड असूनही गळते. जोराच्या वाऱ्यात पाणी चढणीच्या फटीतून मागे सरकते.

गळतीची जागा शोधणे हे खरे कसबाचे काम. थेंब जिथे पडतो तिथेच भोक असेल असे नाही. आत शिरलेले पाणी बांबूच्या अंगाने उतारावर वाहते आणि पुढच्या गाठीशी किंवा बंधापाशी खाली सुटते. म्हणून दोष थेंबाच्या वरच्या अंगाला, आड्याच्या दिशेने शोधायचा. भर दुपारी घराचे दार लावून आत उभे राहिले की उजेडाचे कवडसे फटी दाखवतात. मात्र पावसाची तिरपी वाट आणि उन्हाची सरळ वाट एक नसते. काही फटींतून कवडसा दिसतो पण पाणी येत नाही, काहींतून उलट. म्हणून बांबूवरचा काळा ओघळ, भिंतीवर उतरलेली मातीची रेघ या खुणाही पाहाव्या लागतात. भर पावसात आतून काठीने कवेलू किंचित उचलून सारखा करणे हा तात्पुरता इलाज घरातले कोणीही करी.

कायमचा इलाज वर्षातून एकदा होई. वैशाखात, रोहिणी नक्षत्र लागण्याच्या सुमारास, घरोघरी कवेलू फेरण्याचे काम निघे. ७ जूनच्या आसपास मृग लागण्याआधी ते उरकायचे. जाणता माणूस आड्याजवळून सुरुवात करून एकेक ओळ उचलतो, पाला-माती झाडतो, फुटके बाजूला काढतो, कुजलेला बांबू बदलतो आणि धड कवेलू परत बसवतो. त्याचा भार नेहमी फाट्यावर, कधीही दोन फाट्यांच्या मध्ये नाही. खाली घरची माणसे कवेलू हातोहात देतात. अर्धे मोडके तुकडेही टाकून देत नसत, कडेला आणि आड्याखाली ते कामी येत. या कामाला जलरोधक असे काहीच लागत नाही. वर्षातून एकदा सबंध छप्पर हाताखालून जाणे हाच त्यातला बंदोबस्त होता.

कवेलूखालच्या बांबूची काळजी वेगळी. कोवळा बांबू किडा लवकर पोखरतो, कारण त्यात पिष्ट जास्त असते. म्हणून पावसाळा संपल्यावर जून झालेला बांबू तोडून काही दिवस तलावाच्या पाण्यात बुडवून ठेवत. चुलीचा धूर रोज ताटीला लागत असल्याने तिच्यावर काळा थर चढे आणि कीड, वाळवी दूर राही. चूल घराबाहेर गेली किंवा गॅस आला तेव्हा डोळ्यांचा आणि छातीचा त्रास टळला, हे फार चांगले झाले. पण जुन्या छपराचे ते संरक्षणही गेले.

छपराच्या लाकूड-बांबूसाठी लागणाऱ्या परवानगीचा प्रश्न जुना आहे. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि पुढे १८६५ व १८७८ च्या वन कायद्यांनी जंगलावर सरकारचा ताबा घट्ट होत गेला. आलापल्लीचा साग सरकारी तिजोरीचे धन झाला. गावकऱ्यांच्या घरगुती गरजांसाठी, म्हणजे निस्तारासाठी, लाकूड-बांबू मिळण्याच्या सवलती राहिल्या. पण हक्क आणि सवलत यांत फरक असतो. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी पद्धत, गेली, तिच्या जंगलांचा कारभार सरकारकडे आला आणि निस्ताराच्या नोंदी निस्तार पत्रकात झाल्या. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही निस्तार पत्रकाची तरतूद आहे. बल्लारपूरच्या कागद गिरणीची कंपनी १९४५ मध्ये स्थापन झाली आणि तिथून बांबूला मोठे गिऱ्हाईक मिळाले. ताटीसाठी चार बांबू आणणारा माणूस आणि टोपल्या विणणारा बुरूड हे दोघे एकाच मालासाठी गिरणीच्या मागे उभे राहिले. ही व्यवस्था गावाच्या बाजूची नव्हती, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

दरम्यान छपराचे सामान बदलले. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि त्या धर्तीची चपटी, खाचेत बसणारी कौले देशभर पसरली. इकडे त्यांना इंग्रजी कवेलू म्हणतात. ती कमी गळतात आणि वानरांना सहज सरकवता येत नाहीत, पण त्यांना सरळ, मापाचे लाकूड लागते, आणि नेमके तेच दुर्मीळ होत होते. टिनाला लाकूड थोडे पुरते, म्हणून टिन जिंकले. टिनाची गळती खिळ्याच्या भोकातून होते: खिळा नालीत न मारता उंचवट्यावर मारायचा, खाली रबरी वायसर घालायचा आणि गंज दिसताच डांबर लावायचे. स्लॅबची गळती त्याहून कठीण. उन्हाळ्यात तापलेला आणि पावसात एकदम निवलेला स्लॅब बारीक तडकतो, पाणी आतल्या सळईपर्यंत जाते, सळई गंजून फुगते आणि खपली पडते. डाग दिसेपर्यंत बरेच नुकसान झालेले असते. उतार पाहणे, पाणी तुंबू न देणे, कठड्याच्या मुळाशी गोलाई भरणे आणि तडा उकरून सिमेंटने बुजवणे हे काम उन्हाळ्यातच करावे लागते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने निस्ताराचा जुना प्रश्न पुन्हा उघडला. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा ग्रामसभेला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार तिच्या हाती आला. बांबू गावाच्या हाती परत आला, तोवर अनेक घरांवरून बांबूचे छप्पर उतरले होते. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) पक्के घर बांधण्यासाठी सपाट भागात १ लाख २० हजार, तर डोंगराळ व दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. योजनेच्या व्याख्येनुसार वाजवी देखभालीने किमान ३० वर्षे टिकते ते पक्के घर. ही रक्कम बांधकामाची आहे. देखभाल घरमालकाने आपल्या खर्चाने करायची आहे. तेव्हा छप्पर कवेलूचे असो, टिनाचे की स्लॅबचे, मे महिन्यात एकदा वर चढून ते पाहावे, आणि गावात कवेलू फेरणारा जाणता माणूस अजून असेल तर तरुणांनी त्याच्याकडून ते काम शिकून घ्यावे.