डिस्ट्रिक्ट कौन्सिलांचे विसर्जन (इंग्लंड)

इंग्लंडच्या द्विस्तरीय स्थानिक शासनात काउंटी कौन्सिल हा वरचा व डिस्ट्रिक्ट कौन्सिल हा खालचा निर्वाचित स्तर असून, दोन्हींची कामे एकाच एकस्तरीय संस्थेकडे सोपविताना बहुधा हा खालचा स्तरच विसर्जित होतो. डिस्ट्रिक्टची लोकसंख्या साधारणतः लाखाच्या आसपास असल्याने महाराष्ट्रातील जिल्ह्यापेक्षा तालुक्याशी त्याचे अधिक साम्य आहे.

१९७२ च्या स्थानिक शासन अधिनियमानुसार १ एप्रिल १९७४ रोजी लंडन व महानगरी काउंट्या वगळता उर्वरित इंग्लंडमध्ये ३९ काउंट्या व २९६ डिस्ट्रिक्ट अस्तित्वात आले. शाळा, रस्ते व समाजसेवा काउंटीकडे, तर गृहनिर्माण, बांधकाम परवानग्या व स्थानिक कराची वसुली डिस्ट्रिक्टकडे आली. मात्र घरोघरचा कचरा उचलणे डिस्ट्रिक्टचे आणि त्याची विल्हेवाट लावणे काउंटीचे काम ठरल्याने गाऱ्हाणे न्यायचे कोणाकडे, हा नागरिकांचा प्रश्न कायम राहिला. रेडक्लिफ-मॉड आयोगाने १९६९ मध्येच बहुतेक प्रदेशांसाठी एकस्तरीय संस्था सुचविल्या होत्या, परंतु १९७० च्या सत्तांतरानंतर ती शिफारस बारगळली.

स्कॉटलंड व वेल्समधील डिस्ट्रिक्ट १९९६ मध्ये सरसकट रद्द झाले; इंग्लंडमध्ये मात्र हे टप्प्याटप्प्याने घडले आणि कॉर्नवॉल, डरम, विल्टशर (२००९), पुढे सॉमरसेट व नॉर्थ यॉर्कशर (२०२३) अशा पुनर्रचनांनंतर १६४ डिस्ट्रिक्ट उरले. नॉर्थॅम्प्टनशरचे उदाहरण विशेष बोलके आहे : २०१८ मध्ये आर्थिक दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचली ती काउंटी कौन्सिल, पण २०२१ मध्ये तिच्याबरोबर सातही डिस्ट्रिक्ट विसर्जित झाले. डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेने उरलेल्या सर्व द्विस्तरीय प्रदेशांत सुमारे पाच लाख लोकसंख्येच्या एकस्तरीय संस्थांचे धोरण मांडले. दुहेरी प्रशासनाचा खर्च वाचतो हे त्यामागील कारण खरे असले, तरी सदस्यसंख्या घटून प्रत्येक सदस्यामागील मतदार वाढतात, आणि बचतीच्या हिशेबात ही हानी पुरेशी धरली जात नाही.

विसर्जनात परंपरागत सन्मानही पणाला लागतात. डिस्ट्रिक्टकडे असलेला सिटीचा राजदत्त दर्जा व महापौरपद टिकविण्यासाठी सनद-विश्वस्त, म्हणजे केवळ हा वारसा सांभाळणारे स्थानिक सदस्यांचे मंडळ, नेमता येते. १९९८ मध्ये मेडवे ही एकस्तरीय संस्था स्थापन होताना रॉचेस्टरसाठी असे विश्वस्त नेमले गेले नाहीत. परिणामी त्या प्राचीन कॅथेड्रल-नगराचा सिटीचा दर्जा लोपला, आणि ही गोष्ट २००२ मध्ये उघडकीस आली.